आधी अट, मग यंत्र

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. मागणी एकच होती: खेड्यातल्या झोपडीत चालेल असे सुधारलेले कातणयंत्र. बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही, त्यामुळे खादीच्या इतिहासात या प्रकरणाची बोळवण बहुधा एका ओळीत होते. पण त्या जाहीरनाम्यातल्या अटी आज संगणकशास्त्राच्या वर्गात फळ्यावर लिहाव्यात अशा आहेत.

अटी साधारण अशा. यंत्र हलके असावे, सहज उचलून नेता यावे, हाताने किंवा पायाने चालवता यावे. बाईमाणसाला त्यावर फार श्रम न पडता सलग आठ तास काम करता यावे. हाताने केलेले पेळू त्यावर चालावेत, नाहीतर कापूस पिंजून पेळू करण्याची सोय यंत्राबरोबरच असावी. आठ तासांच्या सलग कामात १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. भारतात बनवायचा खर्च १५० रुपयांच्या वर जाऊ नये. वेळच्या वेळी देखभाल केली तर यंत्र निदान वीस वर्षे चालावे, आणि वर्षाच्या दुरुस्तीला यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त पैसे लागू नयेत. यंत्र साबरमतीच्या आश्रमात पोचवायची मुदत होती ३० ऑक्टोबर १९३०.

चात्या किती असाव्यात, चाक उभे की आडवे, लाकूड की लोखंड, यावर या अटींत अवाक्षर नाही. काय झाले पाहिजे तेवढे सांगितले आहे. कसे करायचे ते करणाऱ्यावर सोडले आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला स्पेसिफिकेशन म्हणतात. या स्पेसिफिकेशनची भाषा गणिताइतकी काटेकोर केली, की तिला ‘फॉर्मल’ हे विशेषण लागते, आणि विद्यार्थ्यांच्या पोटात गोळा येतो.

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीला हा काटेकोरपणा परका वाटायला नको. १९३२ च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले आणि १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत इथेच राहिले. कातण्याच्या मजुरीवरच पोट भरायचे, हा त्यांचा प्रयोग इथला. कातणाऱ्या बाईच्या हाती दिवसाला किती तुटपुंजे पैसे पडतात, हे त्यातून आकड्यांनिशी दिसले. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले, गोपुरीत खादीचे काम उभे राहिले. आपल्या सुताच्या मापावर ज्याला जेवायचे आहे, त्याला मोघम माप परवडत नाही. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लटींची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी, असा खादीवाल्यांचा हिशेब. बक्षिसाची १६,००० फुटांची अट या मापात ४,००० तार, म्हणजे सव्वासहा गुंड्या. विनोबांचे गणितप्रेम प्रसिद्धच आहे. त्यांच्या वाट्याला हा हिशेब आला हे बरेच झाले.

आज नालवाडीतून सेवाग्रामच्या किंवा पिपरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाऊन संगणक शाखा घेणाऱ्या मुलांसमोर ‘मॉडेलिंग’ हा शब्द कधी ना कधी येतो. त्या मुलांनी आधी बक्षिसाच्या या सहा-सात अटींवरच हात साफ करावा असे मला वाटते. कारण त्या नीट वाचल्या तर एकेक फट दिसू लागते.

सुताच्या अटीचेच बघा. १२ ते २० नंबरचे सूत. आता एखाद्याने असे यंत्र आणले, की त्यावर बारा नंबरचे जाडसर सूत आठ तासांत १६,००० फूट निघते, पण वीस नंबरचे बारीक सूत घातले की तुटते. अट पुरी झाली की नाही? आणणारा म्हणेल, झाली. बारा हा आकडा बारा ते वीसमध्ये येतो. परीक्षक म्हणेल, नाही. बारापासून वीसपर्यंत प्रत्येक नंबर निघाला पाहिजे. दोघेही एकच वाक्य वाचत आहेत आणि मध्ये लाख रुपये आहेत. गणिती तर्कशास्त्रात या दोन वाचनांना दोन वेगळी चिन्हे आहेत. उलटा ‘ए’ म्हणजे ‘प्रत्येक’ आणि उलटा ‘ई’ म्हणजे ‘निदान एक’. यांतले एक चिन्ह निवडल्याशिवाय तुम्हाला वाक्य पुरे करताच येत नाही. फॉर्मल भाषेचा पहिला उपयोग एवढाच आहे, की ती तुम्हाला मोघम राहू देत नाही. साध्या मराठीत किंवा इंग्रजीत लिहिणारा हा प्रश्न पडूच न देता पुढे जाऊ शकतो. पुढे तो प्रश्न यंत्र तयार झाल्यावर, भांडणाच्या रूपाने येतो.

‘फार श्रम न पडता’ हे दुसरे. कोणाचे श्रम, कसे मोजायचे? इथे गणित हात टेकते, आणि टेकावेच. अट निरर्थक आहे असे नाही. माणसाच्या दृष्टीने तीच सगळ्यांत महत्त्वाची. पण ती यंत्राकडून पडताळून घेता येणार नाही, ती माणसांनी पाहायची, एवढे कळले तरी अर्धे काम झाले. सॉफ्टवेअरच्या मागणीपत्रात ‘वापरायला सोपे’, ‘जलद’, ‘सुरक्षित’ असे शब्द ओळीने बसलेले असतात, आणि कोणते मोजायचे नि कोणते अनुभवायचे याची वाटणी कोणी करत नाही.

वीस वर्षांची अट तर फारच बोलकी. जाहीर झाले १९२९ मध्ये, यंत्र द्यायचे १९३० च्या ऑक्टोबरात, आणि चालायला हवे वीस वर्षे. म्हणजे चालवून पाहून ही अट सिद्ध करायची तर निकाल १९५० नंतर लागणार. परीक्षकांसमोर एकच वाट उरते: यंत्राच्या रचनेकडे बघून, कोणता भाग किती झिजेल याचा तर्क करून, ‘हे टिकेल’ असे पटवून घेणे. सॉफ्टवेअरमध्ये चाचणी आणि सिद्धता यांत हाच फरक आहे. चाचणी म्हणजे चालवून बघणे. जेवढे चालवले तेवढ्यापुरतीच खात्री. सिद्धता म्हणजे न चालवता, रचनेवरून, सगळ्या शक्यतांबद्दल बोलणे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा १९७० च्या आसपास हेच परोपरीने सांगत होता, की चाचणीने चूक आहे हे दाखवता येते, चूक नाही हे दाखवता येत नाही.

अटींमधून न लिहिलेल्या गोष्टीही निघतात. १५० रुपयांचे पाच टक्के म्हणजे साडेसात रुपये. वीस वर्षांचे झाले दीडशे. म्हणजे दुरुस्तीवर यंत्राच्या किमतीएवढा खर्च चालेल, असे अट न बोलता सांगते आहे. लिहिणाऱ्याला हे अभिप्रेत होते का? असेल किंवा नसेलही. पण स्पेसिफिकेशनवरून असे निष्कर्ष काढून ते मागणाऱ्याला परत दाखवणे, ‘साहेब, तुम्ही हेही म्हटले आहे, चालेल ना?’ असे विचारणे, हा या विषयातला सर्वांत व्यवहारी धडा आहे. आणि शेवटचा प्रश्न: या सगळ्या अटी एकाच यंत्रात एकत्र बसू शकतात का? हलके, स्वस्त, टिकाऊ आणि वेगवान या चारही गोष्टी साधणारे एकही यंत्र संभवत नसेल, तर स्पर्धक कितीही हुशार असला तरी बक्षीस पडून राहणार. एमआयटीतल्या डॅनियल जॅक्सनने केलेले ‘अलॉय’ नावाचे साधन नेमके हे काम करते. तुम्ही अटी लिहायच्या. ते एखादे उदाहरण शोधून दाखवते, नाहीतर ठरावीक मर्यादेत असे काही सापडत नाही म्हणून सांगते. मुलांना हे पहिल्यांदा दाखवले, की आपण लिहिलेल्या अटींत किती चमत्कारिक गोष्टी बसतात ते पाहून ती हसतात. हसणे संपले की अभ्यास सुरू होतो.

फॉर्मल स्पेसिफिकेशनच्या या विद्येचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात नावे फार आणि नाट्य कमी. १९७० च्या दशकात व्हिएन्नातल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत ‘व्हीडीएम’ ही पद्धत निघाली. त्याच दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डमध्ये ‘झेड’ ही भाषा आकाराला आली; तिच्यामागे जाँ-रेमों आब्रियाल हा फ्रेंच माणूस होता, आणि ‘बी’ ही पुढची पद्धतही त्याचीच. १९७७ मध्ये आमीर प्नुएलीने काळाचे तर्कशास्त्र संगणकात आणले: ‘नेहमी’, ‘केव्हातरी’, ‘तोपर्यंत’ या शब्दांना त्याने गणिती अर्थ दिला. लेस्ली लॅम्पोर्टची ‘टीएलए प्लस’ ही भाषा त्याच वाटेवरची. १९९७ मध्ये ‘यूएमएल’ या आकृत्यांच्या भाषेला मानक म्हणून मान्यता मिळाली; आपल्या कॉलेजांत मॉडेलिंग म्हणजे बहुतेक वेळा हेच, चौकोन आणि बाण.

आता एक उदाहरण जवळून पाहू. वर्ध्याच्या वाचकाला रेल्वे सांगावी लागत नाही. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही मोठे मार्ग इथे एकमेकांना मिळतात. पण उदाहरणाला इतका पसारा नको. पुलगाव–आर्वी या जुन्या नॅरोगेजसारखा एकेरी मार्ग घ्या. पूर्वेच्या टोकाला एक सिग्नल, पश्चिमेच्या टोकाला एक. मध्ये एकच रूळ.

या व्यवस्थेत लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी तीन. पूर्वेचा सिग्नल लाल की हिरवा, पश्चिमेचा लाल की हिरवा, आणि मधला मार्ग मोकळा की व्यापलेला. प्रत्येकीच्या दोन शक्यता, म्हणजे एकूण आठ स्थिती. मॉडेल म्हणजे एवढेच. डब्यांचा रंग, ड्रायव्हरचे नाव, तिकिटाचा दर यांतले काही नको. टक्कर होईल की नाही हे ठरवायला जे लागत नाही ते गाळायचे. काय गाळायचे हे कळणे यातच मॉडेल करणाऱ्याची परीक्षा असते, आणि पुस्तक वाचून ते येत नाही.

आता नियम. ढळता कामा नये अशी अट, तिला इंग्रजी पुस्तकांत ‘इन्व्हेरियंट’ म्हणतात, ती अशी: दोन्ही सिग्नल एकाच वेळी हिरवे नसतील, आणि मार्ग व्यापलेला असेल तर दोन्ही लाल असतील. ही अट लावली की आठपैकी चारच स्थिती उरतात. मोकळा मार्ग आणि दोन्ही लाल. मोकळा मार्ग आणि फक्त पूर्व हिरवा. मोकळा मार्ग आणि फक्त पश्चिम हिरवा. व्यापलेला मार्ग आणि दोन्ही लाल. बाकीच्या चार स्थितींत गाडी कधीही जाता कामा नये.

मग घडामोडी. पूर्वेचा सिग्नल हिरवा करायचा तर आधी दोन गोष्टी खऱ्या असाव्या लागतील: मार्ग मोकळा आणि पश्चिमेचा सिग्नल लाल. पूर्वेची गाडी आत शिरायची तर पूर्वेचा सिग्नल हिरवा हवा. शिरताच मार्ग व्यापलेला होतो आणि तो सिग्नल लाल होतो. गाडी बाहेर पडली की मार्ग मोकळा. पश्चिमेचे सगळे असेच, उलट बाजूने. सुरुवातीला मार्ग मोकळा, दोन्ही लाल.

सिद्धता इथे वहीच्या एका पानात होते. चार चांगल्या स्थितींपैकी एकेक घ्या, तिथून कोणती घडामोड शक्य आहे ते पाहा, आणि ती तुम्हाला पुन्हा चारांपैकीच एकीत पोचवते का ते तपासा. पोचवते. सुरुवात चांगल्या स्थितीत, प्रत्येक पाऊल चांगल्यातून चांगल्यात. मग शंभर गाड्या जावोत की लाख, टक्कर नाही. शाळेत शिकलेले गणिती विगमन ते हेच. शाळेत त्याचा कधी उपयोग दिसला नव्हता, तो इथे दिसतो.

आता मुद्दाम चूक करू. सिग्नल हिरवा करताना ‘मार्ग मोकळा हवा’ ही अट लिहायला विसरलो, फक्त ‘समोरचा सिग्नल लाल हवा’ एवढीच ठेवली. वरवर पाहता ठीकच वाटते. दोन्ही बाजूंना एकदम हिरवा मिळत नाही ना? नेहमीची चाचणी घेतली तर पूर्वेची गाडी येऊन जाते, मग पश्चिमेची येऊन जाते, सगळे सुरळीत. पण हेच मॉडेल तपासणाऱ्या साधनाला दिले तर ते क्षणात तीन पावलांची साखळी पुढे ठेवते. पूर्व हिरवा झाला. पूर्वेची गाडी आत शिरली, पूर्व लाल झाला. समोरचा लाल आहे म्हणून पश्चिम हिरवा झाला. गाडी अजून आतच आहे. चौथ्या पावलाला काय होईल ते सांगायला साधन लागत नाही. या साखळीला ‘काउंटरएक्झाम्पल’ म्हणतात, आणि माझ्या मते या अख्ख्या विषयातली सर्वांत शिकवणारी वस्तू ती आहे. ‘तुझे चुकले’ असे न म्हणता ‘हे असे घडेल’ म्हणून दाखवणारा मास्तर दुर्मीळच.

अजून एक खोच आहे, आणि ती विद्यार्थ्यांना हमखास चकवते. दोन्ही सिग्नल कायमचे लाल ठेवले तर? आपली अट तंतोतंत पाळली जाते. गाड्या चालवल्याच नाहीत तर अपघात होत नाही. हा उपाय एखाद्या कार्यालयाला पटला तरी प्रवाशाला पटणार नाही. म्हणून ‘वाईट काही घडणार नाही’ या अटीसोबत ‘चांगले काही केव्हातरी घडेल’ अशी दुसऱ्या जातीची अट लागते: थांबलेल्या प्रत्येक गाडीला कधीतरी हिरवा मिळेलच. ती लिहिली की नवाच दोष उघडा पडतो. पूर्वेकडून एकामागून एक गाड्या येत राहिल्या आणि दर वेळी हिरवा पूर्वेलाच मिळाला, तर पश्चिमेची गाडी जन्मभर उभी राहू शकते. आपल्या नियमांत तिची पाळी यावी असे कुठे म्हटले आहे? तसे म्हटलेच नव्हते. मग पाळीचा नियम घालायचा, पुन्हा तपासायचे. प्नुएलीचे ‘नेहमी’ आणि ‘केव्हातरी’ हे दोन शब्द या दोन जातींच्या अटींसाठीच आहेत. त्याला १९९६ मध्ये संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो उगाच नाही.

आठ स्थिती हाताने तपासता येतात. वीस होय-नाहीच्या गोष्टी असल्या तर स्थिती दहा लाखांवर जातात. साठ असल्या तर एकावर अठरा शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येहूनही जास्त. मोठ्या जंक्शनवर सिग्नल, सांधे आणि रुळांचे तुकडे शेकड्यांनी असतात. हा स्थितींचा स्फोट आवरायचा कसा, यावर एडमंड क्लार्क, अ‍ॅलन एमर्सन आणि जोसेफ सिफाकिस यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी आयुष्ये घालवली. त्या तिघांना २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

हे सगळे कागदावरचे खेळ नाहीत याचा मोठा दाखला रेल्वेतलाच आहे. पॅरिस मेट्रोचा १४ क्रमांकाचा मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला. त्यावरच्या गाड्यांना चालक नाही. सुरक्षेचा भार असलेले तिथले सॉफ्टवेअर आब्रियालच्या बी-पद्धतीने, अटींपासून पायरीपायरीने सिद्ध करत उतरवलेले आहे. दुसरा दाखला अगदी वेगळ्या क्षेत्रातला. अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २०११ पासून आपल्या साठवण-प्रणालींसाठी टीएलए प्लस वापरायला घेतली, आणि २०१५ मध्ये त्याचा अनुभव प्रसिद्ध केला. डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसमध्ये एक दोष सापडला. तो उघड व्हायला किमान पस्तीस पावलांची विशिष्ट साखळी घडावी लागत होती. रचना बारकाईने वाचून झाली होती, चाचण्या झाल्या होत्या, तरी तो निसटला होता. पस्तीस पावलांची साखळी माणसाच्या डोक्यात मावत नाही, यात माणसाचा दोष काय?

महाराष्ट्रात ही विद्या नवी नाही. तिचा बोलबाला मात्र कमी. पुण्यात १९८१ मध्ये टाटांचे संशोधन, विकास आणि अभिकल्प केंद्र निघाले. ‘टीआरडीडीसी’ या आद्याक्षरांनीच ते ओळखले जाते. तिथल्या मंडळींनी प्रोग्राम तपासणारी साधने बनवली. त्यांतले ‘व्हेरिअ‍ॅब्स’ सॉफ्टवेअर-पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२० आणि २०२१ मध्ये एका मुख्य गटात पहिले आले. क्रिकेटच्या मालिकेएवढी जागा त्याला वर्तमानपत्रांत मिळणार नव्हतीच. मुंबईच्या आयआयटीत सॉफ्टवेअरच्या फॉर्मल रचनेसाठी आणि पडताळणीसाठी वेगळे केंद्र उभे राहिले. अणुऊर्जा खात्याची गरज त्यामागे होती, कारण अणुभट्टी थांबवणारे सॉफ्टवेअर चालवून पाहून तपासायची चैन कोणाला परवडत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परितोष पंड्या यांनी कालावधीच्या तर्कशास्त्रावर काम केले आणि ते तपासणारे साधन लिहिले. २००६ मध्ये सॉफ्टवेअर अभियांत्रिकी आणि फॉर्मल पद्धती यांवरची आंतरराष्ट्रीय परिषद पुण्यात भरली होती.

म्हणजे मुंबई-पुण्यात ही विद्या नांदते आहे. गावोगावच्या कॉलेजांत ती पोचते ती मात्र आकृत्यांच्या रूपाने. तिसऱ्या-चौथ्या वर्षाला मॉडेलिंगचे प्रॅक्टिकल असते. यूज-केस, क्लास, सीक्वेन्स, स्टेट, अ‍ॅक्टिव्हिटी, अशा आकृत्या ओळीने काढायच्या, फाइल करायची, सही घ्यायची. विषय ठरलेले: वाचनालय, एटीएम, हॉस्पिटल. फायनल इयरच्या प्रोजेक्टचे तर उघड गुपित आहे. कोड आधी होतो, आकृत्या सबमिशनच्या आदल्या रात्री. व्हायव्हात प्रश्न येतो, या बाणाचे टोक भरीव का आणि पोकळ का? या आकृतीत बसणारी, पण प्रत्यक्षात चालणार नाही अशी एखादी स्थिती सांग, असे कोणी विचारत नाही. विचारले तर विद्यार्थी गोंधळेल. विचारणाराही गोंधळेल अशी शंका मला येते.

आकृत्या वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. पाच जणांनी एका टेबलाभोवती बसून बोलायला त्या फार चांगल्या. यूएमएलसोबत ‘ओसीएल’ नावाची अटी लिहायची भाषाही आहे. तिची ओळख अभ्यासक्रमात असली तरी परीक्षेत दोन मार्कांची टीप म्हणून येते. दोष इतकाच, की आकृतीला कोणी ‘नाही’ म्हणू शकत नाही. चौकोनाला चौकोन जोडला, सुबक दिसले, झाले. अटी लिहिल्या आणि साधनापुढे ठेवल्या, की ‘नाही’ म्हणणारा कोणीतरी समोर येतो, आणि तो मास्तरांच्या मर्जीवर अवलंबून नसतो. ग्रामीण कॉलेजात जिथे अनुभवी प्राध्यापक मिळणे कठीण, तिथे तर ही गोष्ट मला जास्तच मोलाची वाटते.

या पद्धतींचे भक्त मात्र एक गोष्ट हळू आवाजात सांगतात, ती मोठ्याने सांगायला हवी. सिद्धता मॉडेलची होते, जगाची नाही. आपल्या एकेरी मार्गात ‘गाडी बाहेर पडली’ हे एकच पाऊल धरले होते. गाडीचे शेवटचे दोन डबे मागे सुटून आतच राहिले तर? मॉडेलमध्ये अशी गोष्टच नाही, म्हणून सिद्धता तिच्याबद्दल मूग गिळून बसते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले. त्यातला दिशादर्शक कोड एरियान-४ वरून जसाच्या तसा उचललेला होता, आणि तिथे तो वर्षानुवर्षे बिनबोभाट चालला होता. ६४ बिटांत मावणारी एक संख्या १६ बिटांच्या जागेत भरायची होती. आडवा वेग ठरावीक मर्यादेत राहील हे एरियान-४ च्या बाबतीत खरे होते. एरियान-५ जास्त वेगाने तिरके जात होते, संख्या मावली नाही, आणि यंत्रणेने हात वर केले. कोड जुन्या अटींवर बरोबर होता. त्या अटी नव्या रॉकेटच्या कागदपत्रांत कोणी आणून ठेवल्या नव्हत्या. आणखी वाईट म्हणजे, कोडच्या त्या तुकड्याचे उड्डाणानंतर काही कामच नव्हते.

फॉर्मल पद्धत वापरली असती तर हे टळले असते, असे छातीठोक सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ‘हा वेग इतक्याच्या आत असेल तरच हा कोड वापरा’ ही एक ओळ कोडच्या माथ्यावर लिहिण्याची सवय असती, तर कोणीतरी ती वाचून हटकले असते, एवढे म्हणता येईल. आणि तेवढे पुष्कळ आहे.

खर्चही आहे. बँकेची सगळी प्रणाली किंवा सरकारी पोर्टल अटींपासून सिद्ध करत लिहायचे म्हटले तर ते काम आपल्या हयातीत संपायचे नाही. ही विद्या वापरायची ती जिथे चूक महाग पडते अशा लहानशा गाभ्यावर: दोन जणांनी एकाच वेळी शेवटची जागा आरक्षित केली तर काय, पैसे एका खात्यातून गेले आणि दुसऱ्यात पोचण्याआधी वीज गेली तर काय. असे गाभे प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक-दोन असतातच. बाकीचे स्क्रीन आणि रिपोर्ट नेहमीसारखे करा. त्यांना उलटा ‘ए’ नको.

अभ्यासक्रम बदलायला समित्या लागतात आणि समित्यांना वर्षे लागतात. पण प्रॅक्टिकलच्या यादीत दहा आकृत्या असतील, तर त्यांतल्या दोन काढून त्यांच्या जागी एकेरी मार्गाएवढे एक मॉडेल ठेवायला बहुतेक ठिकाणी विभागप्रमुखांची मान डोलणे पुरेसे असते. प्राध्यापकांनी तेवढे करून बघावे. विद्यार्थ्यांनी तर कोणाची वाट बघायचेही कारण नाही. अलॉय आणि टीएलए प्लस ही दोन्ही साधने फुकट आहेत, जावा चालणाऱ्या साध्या लॅपटॉपवर चालतात, आणि लॅम्पोर्टने आपले पाठ्यपुस्तकही त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहे. सुरुवात अलॉयने करा, ते लवकर हाताळता येते. आपल्याच फायनल इयर प्रोजेक्टमधली एक अट घ्या, पंचवीस-तीस ओळींत मांडा आणि तपासायला लावा. सुरुवातीचे काही दिवस चिडचिड होईल, चिन्हे अंगावर येतील. पहिले काउंटरएक्झाम्पल मिळाले की ते छापून सबमिशनच्या फाइलला लावा, आणि व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षकांना तेच आधी दाखवा.